डेटिंग अ‍ॅपवरून घरपोच एचआयव्ही चाचणी : फायदा किती, काळजी कोणती?

एचआयव्हीची तपासणी टाळणाऱ्या अनेकांना सुईची भीती नसते. रांगेत कोणी ओळखीचे भेटेल, ही भीती असते. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तर तपासणीबरोबर आपले खासगी आयुष्यही उघड होईल असे वाटते. म्हणून तपासणी लांबते, लागण उशिरा कळते आणि तोवर ती नकळत जोडीदारापर्यंतही पोहोचू शकते.

हे पुरुष दवाखान्यात येत नसतील, तर ते जिथे रोज असतात तिथे चाचणी न्यावी, असा विचार अमेरिकेत झाला. मार्च २०२३ मध्ये तेथील रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणजे सीडीसीच्या मदतीने 'टुगेदर टेकमीहोम' हा कार्यक्रम सुरू झाला. ग्राइंडर या डेटिंग अ‍ॅपवरूनही किट मागवता येऊ लागले. पहिल्या वर्षात २ लाख १९ हजारांहून अधिक लोकांना सुमारे ४ लाख ४३ हजार किट टपालाने मोफत पोहोचली. प्रश्नावली भरून देणाऱ्यांपैकी जवळपास दर चौघांत एकाने त्याआधी कधीच एचआयव्हीची चाचणी केलेली नव्हती. या कार्यक्रमाचे खरे यश इथे आहे.

पण घरी किट आले म्हणून माणूस ते वापरतो का? याचे उत्तर त्याआधीच्या एका अभ्यासात मिळते. २०१५ मध्ये डेटिंग आणि इतर संकेतस्थळांवरून अमेरिकेतील २,६६५ पुरुषांना त्यात सहभागी करून घेतले होते. किट मिळालेल्या गटातील सुमारे ७७ टक्के पुरुषांनी वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा चाचणी केली, तर किट न मिळालेल्या गटात हे प्रमाण २२ टक्के होते. नव्याने समजलेल्या लागणी पहिल्या गटात २५ आणि दुसऱ्या गटात ११ होत्या. त्या पुरुषांना लागण लवकर कळली, म्हणजे उपचारही लवकर सुरू होऊ शकले.

या चाचणीच्या मर्यादा

हिरड्यांवरून पट्टी फिरवून केली जाणारी चाचणी विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांत धोका पत्करला असेल, तर 'निगेटिव्ह' निकालावर विसंबू नका. घरी वापरलेल्या अशा किटच्या अमेरिकेतील अभ्यासात लागण असलेल्या साधारण १२ जणांपैकी एकाचा निकाल चुकून निगेटिव्ह आला होता. एआरटीची औषधे चालू असलेल्यांनी ही चाचणी करू नये, निकाल फसवा येऊ शकतो.

निकाल 'पॉझिटिव्ह' आला तरी ते अंतिम निदान नसते. प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावीच लागते. आणि धोक्याचा प्रसंग गेल्या ७२ तासांतला असेल, तर किटची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे जा, लागण टाळणारी औषधे याच मुदतीत सुरू करावी लागतात.

अ‍ॅपवर विश्वास किती ठेवायचा?

२०१८ मध्ये ग्राइंडरने वापरकर्त्यांनी नोंदवलेली एचआयव्हीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांना दिल्याचे उघड झाले होते. टीका झाल्यावर ते थांबवण्यात आले. यातून एवढा धडा घ्या : अ‍ॅपवरून चाचणीची माहिती जरूर घ्या, पण तुमचा निकाल अ‍ॅपवर लिहिण्याची गरज नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

किट कुठूनही मिळाले असले, तरी निकालाची खात्री सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात म्हणजे आयसीटीसीमध्ये मोफत होते. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही विचारता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. एआरटीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या कपाटात असे किट सापडले, तर ओरडू नका, चारचौघांत विषय काढू नका. पत्नीला स्वतःच्या तब्येतीची काळजी वाटणे रास्त आहे, तिनेही आपली चाचणी करून घ्यावी. पण ज्याने किट आणले, त्याने स्वतःला तपासून घ्यायची तयारी दाखवली आहे. टपालाने डबा घरी येतो, पण निकाल पाहताना हात थरथरतात, तेव्हा शेजारी बसायला माणूसच लागतो. "केंद्रात सोबत येऊ का?" एवढे विचारलेत, तरी त्याचे पुढचे पाऊल सोपे होईल.