मनाची वारी

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, हे मत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत इतके रूढ झाले आहे की जो प्रवास करीत नाही तो अडाणी, हा त्याचा व्यत्यासही लोक खरा मानू लागले आहेत. पाहिलेल्या देशांच्या संख्येवरून माणसाची योग्यता ठरते; आणि पुस्तकाच्या आधारे दूरचा देश मनश्चक्षूंपुढे उभा करणारा मात्र स्वप्नाळू ठरतो. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

पिंपरीच्या संत तुकाराम नगराचेच उदाहरण घ्या. शेजारी वल्लभनगरचे एस. टी. स्थानक आहे, मार्च २०२२ पासून मेट्रोही दारात आली आहे. परंतु ज्यांचे नाव या वसाहतीस दिले, त्या तुकोबांनी पंढरीची एक वारी देहूस राहूनच केली. परंपरा सांगते की आजारामुळे जाणे घडेना, तेव्हा त्यांनी विठ्ठलास अभंगरूप पत्र लिहून ते वारकऱ्यांबरोबर पाठविले. ते अभंग गाथेत आहेत. त्या वर्षी पंढरीस गेलेल्यांपैकी कितीजणांस विठ्ठल इतका जवळ वाटला असेल?

कल्पना फसवी असते, असा आक्षेप यावर येईल. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊलही न टाकता १८१७ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, न येण्याचे प्रस्तावनेत समर्थनही केले, आणि हिंदूंविषयी अत्यंत अनुदार निर्णय दिले. खरे आहे. परंतु हा दोष कल्पनेचा नव्हे, तिच्या अभावाचा होय. मिल येथील माणसांच्या अंतःकरणात शिरावयास निघालाच नव्हता. तो निकाल देण्यास बसला होता. उलट कालिदासाचा यक्ष पाहा. शापामुळे त्याला रामगिरी सोडता येत नाही. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे अनेक विद्वान मानतात. तेथून तो मेघाला अलकेची वाट सांगतो, तेव्हा वाटेवरील नद्या, पर्वत आणि नगरे सजीव होतात. कारण त्या वर्णनामागे विरहाची ओढ आहे.

प्रवासाशी आमचे वैर नाही. ज्यांस शक्य आहे त्यांनी तो अवश्य करावा. परंतु रुग्ण, वृद्ध, घरकामात अडकलेल्या स्त्रिया आणि सहलीची वर्गणी न परवडणारी मुले यांना ‘तुम्ही जग पाहिले नाही’ असे हिणविणे हा अन्याय आहे. सहलीस जो खर्च होतो, त्याचा दहावा हिस्सा तरी घरात नकाशे आणि प्रवासवर्णने आणण्यात लागू द्या, आणि रात्री ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.