गटचर्चेत बोलतो कोण?

शिक्षणाविषयी बोलताना अलीकडे 'गटचर्चा' आणि 'सांघिक कार्य' हे दोन शब्द वारंवार कानी पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संवाद, सहकार्य व सांघिक कार्य यांना जीवनकौशल्यांत स्थान दिले आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत त्यांचे धडे दिले जातात आणि तपासणीच्या दिवशी मुले गोल करून बसलेली दिसतात. आपल्या चळवळीतील शिक्षक-कार्यकर्त्यांत याविषयी दोन मते आढळतात. काहींना हे कंपन्यांना हवे तसे नोकर घडविण्याचे तंत्र वाटते. काहींना त्यात समतेच्या शिक्षणाची पहाट दिसते. तीस-पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ही पद्धत समाजवाद्यांनी आपली मानून स्वीकारावी. परंतु गटात बोलतो कोण आणि गप्प बसतो कोण, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. तो विचारला नाही, तर बाके हलविली तरी उतरंड हलत नाही.

हे मला माझ्या स्वतःच्या चुकीतून कळले. १९९४ च्या सुमारास तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी ग्रामीण पतपुरवठा हा विषय शिकवीत होतो. वर्गात शंभरावर विद्यार्थी. मी टिपणे सांगावीत आणि त्यांनी ती उतरवून घ्यावीत, असा क्रम होता. त्याचा मलाच कंटाळा येऊन मी एकदा वर्गाचे सहा-सहा जणांचे गट केले. आपापल्या गावात कर्ज कोण देतो, व्याज किती घेतो, फेड कशी होते, यावर चर्चा करून अहवाल आणा, असे सांगितले. गट कोणाचा कोणाबरोबर असावा हे मी विद्यार्थ्यांवरच सोडले. ती मला लोकशाही वाटली होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आले. अक्षर सुवाच्य होते, मजकूर मात्र सर्वांचा जवळपास एकच : पाठ्यपुस्तकातील विकास सोसायटी, भूविकास बँक, राष्ट्रीयीकृत बँक आणि शेवटी सावकारावर एक परिच्छेद. चौकशी केली तेव्हा ध्यानात आले की, गट जातीनुसार, गावानुसार आणि वसतिगृहातील खोल्यांनुसार पडले होते. मुली वेगळ्या बसल्या होत्या. जेथे गट मिश्र होता तेथे बागायतदाराच्या मुलाने मजकूर सांगितला होता व इतरांनी माना डोलावल्या होत्या. अशाच एका गटात एक विद्यार्थी होता, ज्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडणीला जात. कर्ज म्हणजे काय, हे त्या वर्गात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. त्याच्याकडे गटाने काम दिले होते कागद आणण्याचे व समास आखण्याचे!

दुसऱ्या वेळी मी गट चिठ्ठ्या टाकून केले. प्रत्येकाने आधी पाच मिनिटे बोलावे, त्या वेळात दुसऱ्याने मध्ये बोलू नये, आणि अहवाल कोणी मांडायचा हेही चिठ्ठीनेच ठरेल, असे नियम घातले. घरचे कर्ज चारचौघांत सांगणे जड जाते, म्हणून गावातले कोणाचेही उदाहरण चालेल अशी मोकळीक ठेवली. त्या विद्यार्थ्याने गावातले उदाहरण म्हणून 'उचल' समजावून सांगितली. हंगामापूर्वी मुकादम रक्कम देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती रक्कम वळती होते आणि जी फिटत नाही ती पुढच्या हंगामावर चढते. गटातील एका मुलीने विचारले, "मग बाईची मजुरी कोणाच्या हातात पडते?" तो म्हणाला, "ती कोयत्याच्या हिशेबातच येते. वेगळी कोणी मांडत नाही." ज्यांच्या शेतातला ऊस असे मजूर तोडीत, त्यांची मुलेही त्या गटात होती. त्यांनी हा हिशेब प्रथमच ऐकला.

उचल हे कर्जही आहे आणि आगाऊ मजुरीही. आमच्या पाठ्यपुस्तकात ती ना पतपुरवठ्याच्या प्रकरणात होती, ना श्रमाच्या. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस; परंतु कर्ज हेच मजुराला बांधून ठेवण्याचे साधन कसे बनते, हे मला त्या तासाला नीट उमगले. गटचर्चेचे खरे मोल येथे आहे. ज्ञान फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाजवळच असते, हा समज ती मोडते. मात्र दुर्बलाला बोलण्याची हमी असेल तरच हे घडते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरी शाळांतील वंशभेदाच्या भिंती पाडल्यावर गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तणाव वाढला. १९७१ साली एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तेथे एक साधी युक्ती केली. धड्याचे भाग पाडून गटातील प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. इतरांना तो भाग त्याच्याच तोंडून ऐकावा लागे. त्याला हिणवून कोणाचेच भागत नसे. समतेचा उपदेश करण्याऐवजी परस्परांची गरज निर्माण करणे, हे त्यातील मर्म होय.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात याहून मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करीत, नोंदी ताडून पाहत, वाद घालीत आणि निष्कर्ष काढीत. परीक्षेत पुस्तक उघडून ठेवण्याची मुभा असे. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. खेड्यांतील सामान्य शाळांत तो तीस वर्षे चालला, याचे कारण त्यामागची व्यवस्था : शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांच्या मासिक बैठका, प्रयोगसाहित्य आणि बदललेली परीक्षा.

परीक्षा बदलल्याविना बाकी सारे फोल आहे. वर्षभर मुलांना एकत्र काम करा म्हणावयाचे आणि शेवटी एकाला दुसऱ्याच्या वर चढवून क्रमांक लावावयाचे, यातील विसंगती मुलांना आपल्या आधी कळते. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात वैयक्तिक यशाला बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना उत्तेजन देऊ नये व सामूहिक उपक्रमांचा गौरव करावा, अशी शिफारस केली होती. आज गावोगाव खाजगी शिकवण्यांचे गुणवंतांचे फलक पाहिले म्हणजे त्या शिफारशीचे काय झाले ते दिसते.

या पद्धतीवरील आक्षेप मला मान्य आहेत. तिला वेळ लागतो. मला त्या वर्षी दोन प्रकरणे घाईने उरकावी लागली. गटात फुकटचे श्रेय घेणारेही निघतात. परंतु त्यावर उपाय म्हणजे शिक्षकाने गटागटांत फिरणे, आणि त्यासाठी संख्या आटोक्यात हवी, शिक्षक कायम हवा. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली पहिली ते पाचवीसाठी साधारणपणे तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. महाविद्यालयांच्या गच्च भरलेल्या वर्गांना ती मर्यादा लागू नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात, वीस गटांचे अहवाल वाचण्याचे मिळत नाहीत. तो टिपणे सांगून मोकळा झाला तर दोष त्याला कसा द्यावा? अध्यापनपद्धतीचा प्रश्न अखेर अंदाजपत्रकाचा प्रश्न ठरतो तो असा.

कंपनीतील संघ आणि आपल्याला अभिप्रेत असलेला गट यांतील फरकही येथेच सांगितला पाहिजे. कंपनीत उद्दिष्ट वरून ठरते व संघाने ते गाठावयाचे असते. वर्गातील गटाला प्रश्नच बदलण्याचा अधिकार हवा. "मजुरी कोणाच्या हातात पडते?" हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपल्या अभ्यासवर्गांत काय चालते? व्यासपीठावर वक्ता दीड तास बोलतो, नंतर दहा मिनिटे शंकासमाधान, त्यातही ठरावीक चार जणच उठतात. महिला कार्यकर्त्या आणि मजूर वस्त्यांतून आलेली मुले मागच्या रांगांत वही घेऊन बसतात. शाळांत लहान वर्ग, कायम शिक्षक आणि नवी परीक्षा यांची मागणी आपण अवश्य लावून धरावी. परंतु पुढच्या शिबिरात वक्त्याचा वेळ अर्ध्यावर आणून, चिठ्ठ्या टाकून गट करून पाहण्यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. समास आखणारे कार्यकर्ते आपल्याकडेही असतील. त्यांना काय सांगावयाचे आहे, ते एकदा ऐकू या.