भौतिकोपचारतज्ज्ञांचा थकवा

दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. कंबरेवर महिनाभर उपचार व्हावयाचे असलेला रुग्ण अशा वेळी चार-पाच खेपांनंतर दिसेनासा होतो, आणि हंगाम संपवून परततो तेव्हा दुखणे अधिकच जडावलेले असते. जालन्याच्या लोखंड कारखान्यांतील रोजंदारी मजुराची गत फारशी निराळी नाही. रोज उपचार म्हणजे रोज बुडणे!

फिजिओथेरपिस्टांच्या मानसिक थकव्याचा विचार या अर्धवट सुटलेल्या उपचारापासूनच सुरू करावयास हवा. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांचा असाच थकवा वर्णिला होता. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे मांडली: भावनिक शक्ती आटणे, रुग्णाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असे मानले. तेव्हा ‘हल्लीच्या तरुणांत सेवाभाव उरला नाही’ हे ज्येष्ठांचे निदान फार सोपे आहे.

तिन्ही अंगांपैकी तिसरे येथे विशेष लागू पडते. शस्त्रक्रियेचे यश एका दिवसात सिद्ध होऊ शकते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात मात्र रुग्णाच्या महिनोन्‌महिन्यांच्या चिकाटीवाचून उठत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हे शिक्षण १९५०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले ते पोलिओच्या पार्श्वभूमीवर. म्हणजे दीर्घकाळची सोबत हाच या विद्येचा पाया होय. सोबत तुटली की उरतो तो ‘शेक द्या, करंट लावा’ एवढाच व्यवहार. रुग्ण यंत्र मागतो, उपचारकही कंटाळून यंत्र लावतो आणि व्यायाम शिकविण्याचे राहून जाते. यालाच पुढे वृत्तीचा दोष म्हटले जाते.

व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही यातच गुंतला आहे. राज्यात २००२ चा परिषद कायदा आहे, २०२१ चा केंद्रीय कायदाही आहे. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. त्या दोन अक्षरांवर बराच गदारोळ झाला. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर राबणाऱ्यांच्या नोकरीच्या शाश्वतीबद्दल तेवढ्या तावातावाने कोणी बोलले असते, तर बरे झाले असते. ज्याला स्वतःच पुढील वर्षी येथे असू की नाही हे ठाऊक नसते, त्याने रुग्णाला सहा महिन्यांच्या धीराच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत कायम पदे भरणे हा पहिला उपाय आहे, आणि तो खर्चाचा आहे. दुसरा स्वस्त आहे: ऊसतोडीला निघालेल्या रुग्णाजवळ झालेल्या उपचारांची नोंद व चित्रांसह व्यायामांचा कागद द्यावा आणि कारखाना परिसरातील आरोग्य केंद्राने तो पाहून पुढील उपचार चालवावेत. यास नव्या कायद्याची गरज नाही. दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी एकदा एकत्र बसावे लागेल, इतकेच.