फुले गळाली, झाड नव्हे

सत्काराच्या वा वास्तुशांतीच्या निमित्ताने भेट आलेले ऑर्किडचे झाड दोन-अडीच महिने दिवाणखान्याची शोभा वाढवते, मग त्याचे शेवटचे फूल गळते, आणि ज्या हातांनी त्याला मानाची जागा दिलेली असते तेच हात महिन्याभरात त्याची रवानगी जिन्याखालच्या कचरापेटीत करतात, हा प्रकार आमच्या पुण्याच्या गृहसंस्थांत इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. मला तो उघड अन्याय वाटतो. मात्र त्याच्या मुळाशी क्रौर्य नाही, केवळ अज्ञान आहे, आणि अज्ञान दूर करता येते म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ज्याच्याकडून मी पहिले झाड घेतले त्या विक्रेत्याने, "साहेब, फुलं गेली की हे संपलं, दुसरं घेऊन जा," असा निवाडा दिला होता. मी तो प्रमाण मानला आणि एक जिवंत झाड फेकून दिले. त्याची खंत अद्याप गेलेली नाही.

आपल्याकडे सर्वत्र विकले जाणारे हे झाड म्हणजे फॅलेनॉप्सिस. १८२५ साली ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला दिलेल्या या नावाचा अर्थ पतंगासारखे, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या पाखरासारखे, असा आहे. त्याचे मूळ घर जमिनीवर नाही. आग्नेय आशियातील दमट अरण्यांत ते वृक्षांच्या खोडांना बिलगून राहते. आपल्या सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर फांद्यांवरून जांभळट ठिपक्यांची सीतेची वेणी लोंबू लागते, तीही याच आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातली. कित्येक लोक तिला बांडगूळ समजतात, पण बांडगूळ आश्रयदात्या वृक्षाचा रस शोषून घेते, आणि आमरी त्याच्याकडे बसण्यापुरती जागा तेवढी मागते. तिच्या मुळांना मातीपेक्षा वाऱ्याचीच ओढ अधिक. अशा झाडाला आपण भोक नसलेल्या चकचकीत कुंडीत ठेवतो, तळाशी पाणी साचू देतो, आणि मुळे कुजली म्हणजे झाड नाजूक होते असे म्हणून मोकळे होतो. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे यांच्या भरड मिश्रणात ते बसवावे आणि मिश्रण जवळजवळ सुकल्यावरच पाणी द्यावे. एवढ्या बंदोबस्ताने ते वर्षानुवर्षे जगते.

परंतु जगणे वेगळे आणि फुलणे वेगळे. पाने टवटवीत आहेत, नवी मुळे फुटत आहेत, आणि तरीही फूल नाही अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि त्यांतील बहुतेकांनी त्यावर उपाय म्हणून खताचा मारा केलेला असतो. खताने हे झाड फुलत नाही. ते गारव्याने फुलते. दिवसरात्र उष्म्यात राहिले तर ते पानांवर पाने काढीत बसते. काही आठवडे हवा पंचवीस अंशांच्या आसपास वा त्याहून थंड राहिली म्हणजेच ते दांडा धरण्याच्या मार्गाला लागते. देशावर हा गारवा निसर्ग नोव्हेंबर-अखेरीस विनामूल्य देतो. त्या दिवसांत झाडाला पूर्वेच्या उघड्या खिडकीशी, कोवळ्या उन्हात ठेवावे, इतकेच काम आपल्याकडे उरते. मुंबई-कोकणात थंडी बेताची, तेव्हा तेथे धीर थोडा अधिक धरावा लागतो.

माझे हल्लीचे झाड शेजारच्या इमारतीच्या कचरापेटीतून उचललेले आहे. गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्याच्या खालच्या दोन पानांच्या बेचक्यात हिरवा कोंब दिसला. मूळ असेल तर टोक गोल आणि गुळगुळीत असते; हे टोक चपटे होते, राघूच्या चोचीसारखे किंचित वळलेले. तो फुलांचा दांडा होता. दांडा उजेडाचा वेध घेत वाढतो, म्हणून मी तीन महिने कुंडी तसूभरही फिरवली नाही, आणि मार्चच्या अखेरीस त्या दांड्यावर सात शुभ्र फुले एकामागून एक उघडली.

आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते, त्यात अंकुराची शिदोरी नसते, आणि रानात एका बुरशीच्या साहाय्याविना ते रुजत नाही. त्या साहाय्यावाचून ते काचपात्रात रुजवण्याची रीत नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली सिद्ध केली. तरीही प्रयोगशाळेतील त्या रोपट्याला पहिले फूल येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज लोटतात. एवढ्या मुदतीचे संगोपन आपण एका बहरानंतर उकिरड्यावर टाकतो. विक्रेत्यांनी प्रत्येक कुंडीबरोबर निगराणीची चार ओळींची मराठी चिठ्ठी देण्याची तजवीज करावी, ही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आणि वाचकांना एवढेच सांगणे की फुले गळालेले झाड टाकण्यापूर्वी त्याच्या रुपेरी मुळांवर ओंजळभर पाणी शिंपडावे आणि दोन मिनिटे थांबावे. मुळे हिरवी झाली तर झाड जिवंत आहे. ते ठेवून घ्यावे.