उसने बालपण : बालवाचनाच्या आठवणी आणि मराठी समीक्षा

मराठीतील बालसाहित्यविषयक लेखन ज्या एका प्रकाराने आतून पोखरले गेले आहे, त्याला अद्याप नाव मिळालेले नाही. सोयीसाठी त्याला 'कपाटाची आठवण' म्हणता येईल. त्याची रचना ठरून गेलेली आहे. उन्हाळ्याची सुटी असते, आजोळचा वाडा असतो, माळ्यावर किंवा माजघरात पुस्तकांचे कपाट असते. त्यात भा. रा. भागवत, ना. धों. ताम्हनकर किंवा साने गुरुजी सापडतात. मग जेवणाची हाक ऐकू येत नाही, दिवेलागण झालेली कळत नाही, आणि लेखाच्या अखेरीस आजच्या मुलांच्या हाती असे काही नाही याबद्दल हळहळ व्यक्त होते. भागवतांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे २०१०च्या आगेमागे या प्रकाराला बहर आला. २०१७ साली 'फास्टर फेणे' चित्रपट झळकला तेव्हा तो पुन्हा आला. मुलांच्या पुस्तकांवर बोलायचे म्हणजे स्वतःच्या मूलपणावर बोलायचे, हा आता जवळजवळ शिष्टाचार झाला आहे.

आठवणी लिहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. आठवण खोटी आहे, हाही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आठवणीला पुराव्याचे स्थान देण्यावर. 'कपाटाच्या आठवणी'त तीन अदलाबदली होतात आणि तिन्ही वाचकाच्या नकळत उरकल्या जातात. पहिली, आनंदाची घटना ही साहित्यकृतीच्या मूल्याची साक्ष ठरते. दुसरी, एका व्यक्तीची घटना संपूर्ण पिढीची होते. तिसरी, एका शहराच्या काही पेठांतील पिढी 'मराठी मूल' या नावाने वावरू लागते. पहिली अदलाबदल सौंदर्यशास्त्रीय चूक आहे, दुसरी तर्काची. तिसरी मात्र चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामुळे वाङ्मयेतिहास कोणाच्या नावावर लिहिला जातो हे ठरते.

बालपण ही निसर्गदत्त व सर्वत्र सारखी अवस्था नसून तिला इतिहास आहे, हे फिलिप आरिएस यांनी १९६० साली मांडले. बालकथेतील 'मूल' हे प्रौढांच्या इच्छेने घडविलेले मूल असते, असे जॅकलिन रोझ यांनी 'पीटर पॅन'च्या निमित्ताने १९८४ साली दाखविले. ही नावे आता मराठी विभागांतील चर्चासत्रांत अपरिचित नाहीत. बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' तर पदव्युत्तर वर्गात पाठ असल्यासारखा सांगितला जातो. परंतु वर्गात लेखकाचे उत्तरकार्य उरकणारी समीक्षा बालसाहित्याचा विषय निघताच 'माझा आवडता लेखक' या निबंधाकडे वळते. जणू बालसाहित्य हे सिद्धान्ताला सुटी असलेले क्षेत्र आहे.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडचा विचार करावा लागतो. येथे वऱ्हाड हे केवळ उदाहरण नाही. या समीक्षेची गृहीतके जेथे टिकत नाहीत, असा तो प्रदेश आहे. १९५६पर्यंत हा प्रदेश प्रशासनाने नागपूरशी बांधलेला होता, पुण्या-मुंबईशी नव्हे. मराठी बालपुस्तकांची प्रमुख प्रकाशनगृहे मात्र पुण्या-मुंबईत होती. अकोला मुंबई–नागपूर लोहमार्गावर येते, अमरावती बडनेऱ्याहून फुटणाऱ्या फाट्यावर. पुस्तक येई ते या मार्गाने, आणि बहुधा स्थानकाच्या किंवा शहराच्या आसपासच थांबे. अकोल्यातील बाबूजी देशमुख वाचनालयासारखी जुनी ग्रंथालये होती, पण ती शहरात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली खरी, परंतु वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या यांच्यानंतर जे उरे, त्यात बालविभाग बसवावा लागे. शाळेतील पुस्तके काचेच्या कपाटात असत, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. पुस्तक फाटले तर भरपाई कोण करणार, ही भीती वाचनाच्या आनंदाहून जुनी होती.

सुटीचे गणितही वेगळे होते. दिवाळीनंतरचे दिवस कापूसवेचणीचे, आणि वेचणीला लहान हात चालतात. उन्हाळ्याची सुटी म्हणजे मृगापूर्वीच्या मशागतीचा काळ. आजोळ होते, पण आजोळीही वावरच होते. 'सुटीतले वाचन' हा वाक्प्रयोग ज्या वर्गाला सहज सुचतो, तो वर्ग वऱ्हाडातही होता. वकिलांची, सरकारी नोकरांची घरे होतीच. पण तेवढ्यावरून वऱ्हाडच्या बालवाचनाचा इतिहास लिहिणे म्हणजे शहरातील दोन-चार आळ्यांवरून जिल्ह्याची खानेसुमारी करणे होय.

अशा परिस्थितीत मुलाला जे सापडते तो 'लेखक' नसतो. एक पुस्तक सापडते, तेही अनेकदा वेष्टन गेलेले, पहिली पाने गळालेली. १९५२ पासून मराठीत निघू लागलेला, मद्रासहून येणारा 'चांदोबा' हातोहात फिरे. त्यातील वेताळ आणि चित्रे मुलांना वर्षानुवर्षे आठवत राहत, पण गोष्ट कोणी लिहिली हा प्रश्न कोणाला पडत नसे. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' सुरू केले. त्याचीही ओळख मुलाला अंकाच्या नावाने होई, लेखकाच्या नव्हे. 'आवडता लेखक' ही कोटी निवडीतून जन्मते, आणि निवड विपुलतेतून. ज्याच्या हाती वर्षाला दोन पुस्तके येतात, त्याला आवडता लेखक नसतो. त्याला पुस्तक असते. लेखक ही वाचनाची स्वाभाविक सुरुवात नसून विशिष्ट व्यवस्थेत निर्माण होणारे कार्य आहे, हे फूकोने १९६९ साली सांगितले. वऱ्हाडातील शाळकरी मुलाचा अनुभव त्याची साक्ष कधीपासूनच देत होता, पण ती विचारायला कोणी गेले नाही.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. घरात 'डोया' म्हणणारे मूल पुस्तकात 'डोळा' वाचते. 'काऊन' विचारणाऱ्याला 'का' भेटते, 'मले' म्हणणाऱ्याला 'मला'. 'तो जाऊन राह्यला' हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याला 'तो जात आहे' असे छापलेले दिसते. पहिल्या आवडत्या पुस्तकाचा शोध हा म्हणूनच एकाच वेळी दोन गोष्टींचा शोध असतो. गोष्ट सापडते आणि आपली बोली गोष्टीत नसते, ही बातमीही त्याच क्षणी कळते. 'कपाटाच्या आठवणी'त या दुसऱ्या शोधाला जागा नाही, कारण ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना तो करावाच लागला नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोली समर्थपणे अवतरली, पण ती प्रौढांच्या कादंबरीत. मुलांच्या पुस्तकात ती आलीच तर अनेकदा गावंढळ पात्राच्या तोंडी, हसू यावे म्हणून.

येथे एक सोपे उत्तर हात जोडून उभे असते, आणि त्यालाही तितकाच नकार द्यावा लागतो. ते उत्तर प्रादेशिक अभिमानाचे. पुणेरी कपाटाला प्रत्युत्तर म्हणून वऱ्हाडी आजी उभी करायची, तिच्या जात्यावरच्या ओव्या आणि रात्रीच्या गोष्टी हेच आमचे बालसाहित्य असे घोषित करायचे, आणि भागवत-ताम्हनकरांना परके ठरवून मोकळे व्हायचे. नेमाडे यांच्या 'साहित्यातील देशीयता' या मांडणीनंतर (१९८३) या भूमिकेला शास्त्राचा आधारही मिळाल्यासारखा वाटतो. परंतु ही आजीसुद्धा एक कपाटच आहे. तिच्या गोष्टींची नोंद, त्यांची रूपे, त्या कोणत्या जातीच्या घरात सांगितल्या जात आणि कोणत्या अंगणात ऐकू येत नसत, याचा तपास न करता तिचे स्मरण केले, तर स्मरणरंजनाचा फक्त पत्ता बदलतो. शिवाय वऱ्हाडातील मुलांनी साने गुरुजींचा श्याम वाचला आणि ती रडली, हे सत्य या भूमिकेला पचवता येत नाही. 'श्यामची आई' १९३५ सालची. त्यातील कोकण, समुद्र, नारळी-पोफळी यांतले काहीही पूर्णेच्या काठच्या मुलाने पाहिलेले नव्हते. तरी ते पुस्तक त्याचे झाले. हे कसे घडले, हा खरा समीक्षेचा प्रश्न. अभिमानी त्याला बगल देतात आणि स्मरणरंजनवादी त्याला 'वैश्विकता' म्हणून झाकून टाकतात. प्रत्यक्षात ते मुल आपल्या अंगणाच्या मापाने कोकण बेतून घेत होते. हे एक प्रकारचे भाषांतर होते, आणि त्याचे श्रम कोठेच मोजले गेलेले नाहीत.

भागवतांचेच उदाहरण अधिक बारकाईने पाहावे. भागवतांचा (१९१०–२००१) जन्म इंदूरचा, म्हणजे आजच्या महाराष्ट्राबाहेरचा. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. तो पुण्यात शिकायला येतो, विद्याभवनात दाखल होतो. म्हणजे या पुस्तकांच्या केंद्रस्थानी गावाहून शहरात आलेला मुलगा आहे. शहर हे त्याला आयते मिळालेले नाही. सायकल, चौकसपणा आणि धाडस यांच्या बळावर त्याने ते काबीज केले आहे. श्रद्धानंद छात्रालयासारख्या वसतिगृहांत राहून अमरावतीत शिकलेल्या कुणब्या-माळ्यांच्या आणि महारांच्या मुलांना, फेणे त्यांच्या हाती पडला असता, तर त्यात काय दिसले असते? स्वतःचीच वाट, की ती वाट आपल्यासाठी इतकी निर्धोक नाही याची जाणीव? फुरसुंगीहून पुण्यात आलेला फेणे पुण्याच्या बोलीत सहज सामावतो. अकोटहून अमरावतीत आलेल्याला 'काऊन' लपवावे लागते. हा फरक संहितेच्या वाचनातून निघतो, आणि तो भागवतांना कमीपणा आणणारा नाही. उलट त्यांच्या लेखनात जो अस्वस्थ करणारा धागा आहे, तो कौतुकाच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला आहे. स्मरणलेखांनी फेणेला पुण्याचे भूषण केले आणि त्याचे गाव हिरावून घेतले.

उलट बाजूही तपासावी. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ सालचा, अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. लहान वयात घर सोडलेल्या, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिलेल्या या लेखकाने मुलांसाठीही लिहिले. 'स्मरणगाथा'ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही ते मराठी वाचकाच्या मनात आहेत ते तळेगावचे, गडकिल्ल्यांचे. केंद्र ज्याला सामावते त्याचे गाव पुसते, आणि ज्याला सामावत नाही त्याची आठवण.

आठवण पुरावा होऊच शकत नाही का? होऊ शकते. त्याचा वस्तुपाठ मराठीत आहे, फक्त तो बालसाहित्याच्या कक्षेबाहेरचा मानला गेला. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) किंवा कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) यांत आठवण येते ती किंमत सांगत येते. पावडे यांची संस्कृत शिकण्याची हकीकत ही ग्रंथाच्या प्रेमाचीच कथा आहे. पण ग्रंथापर्यंत पोहोचताना कोणती दारे होती, ती कोणी अडविली आणि कोणी उघडली, हे तीत येते. येथे आठवण म्हणजे आनंदाची पावती नव्हे, ती व्यवहाराची नोंद आहे. बालवाचनाच्या आठवणीला हीच कसोटी लावली पाहिजे. पुस्तक कोणाच्या हातून आले? कोणत्या भाषेत वाचले आणि कोणत्या भाषेत पुन्हा सांगितले? बहिणीला ते वाचायला मिळाले का? परत कधी करावे लागले? या चार प्रश्नांची उत्तरे नसलेली आठवण ललित निबंधात शोभते, समीक्षेत नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा असता तर त्यासाठी एवढे शब्द खर्चण्याचे कारण नव्हते. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, आणि त्याच्या कक्षेतील मराठी विभागांत येणारे कित्येक विद्यार्थी घरातील शिकणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले असतात. बालसाहित्यावर प्रबंधिका लिहावयास बसलेल्या अशा विद्यार्थ्यासमोर संदर्भ म्हणून हीच स्मरणरंजनपर पाने असतात. तो ती वाचतो, आणि आपल्या प्रस्तावनेत आजोळचे कपाट आणतो. त्याच्या आजोळी कपाट नव्हते. जे होते, म्हणजे बडनेऱ्याच्या फलाटावरून आलेला अंक, गळालेली पाने, मास्तरांची किल्ली, 'डोया' आणि 'डोळा' यांमधली लाज, ते त्याला लिहिण्याजोगे वाटत नाही. ज्या समीक्षेने त्याला स्वतःच्या अनुभवाकडे पाहण्याची दृष्टी द्यावयाची, तिने त्याला उसने बालपण दिले. ही हानी वाङ्मयीन तर आहेच, पण माणसाची स्वतःवरची पकड सैल करणारीही आहे.

उपाय अशक्य कोटीतला नाही. गावोगावच्या वाचनालयांत दाखलनोंदवह्या आणि देवघेवीच्या नोंदी जेथे शिल्लक आहेत, तेथे त्या वाचणे शक्य आहे. कोणते बालपुस्तक कोणत्या वर्षी आले, किती वेळा बाहेर गेले, कोणाच्या नावावर गेले, हे त्यांतून कळू शकते. १९६०-७०च्या दशकांत शाळेत असलेली माणसे आज हयात आहेत आणि बोलू शकतात. पण नोंदवह्या रद्दीत जातात आणि माणसेही कायमची राहत नाहीत. तोवर समीक्षा जर आपल्याच कपाटापुढे हात जोडून बसली, तर मराठी मुलाने पहिले पुस्तक कसे वाचले या प्रश्नाचे एकच उत्तर उरेल, आणि तेही ज्याला तो प्रश्न कधी पडला नाही त्याने दिलेले.