मधल्या दाराचे धनी

पुरवठा घटला की भाव चढतो आणि चढलेला भाव उत्पादकाच्या पदरात पडतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. मांसाचा बाजार मात्र ही पुस्तके वाचत नाही.

९ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातील हॉल्कम येथे टायसन कंपनीच्या गोमांस कारखान्यास आग लागली. देशाच्या गुरे कापण्याच्या क्षमतेचा सुमारे ५ ते ६ टक्के भाग बंद पडला. त्यानंतरच्या दिवसांत शेतकऱ्याच्या गुरांचा भाव कोसळला आणि घाऊक मांसाचा भाव मात्र चढला! गुरे तेवढीच होती, खाणारेही तेवढेच. अरुंद झाले ते मधले दार, आणि दाराच्या धन्यांनी दोन्ही बाजूंनी पट्टी वसूल केली. २०२० च्या महामारीत हाच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडला. तेथे चार कंपन्यांच्या हाती १९७७ साली या धंद्याचा सुमारे चौथा हिस्सा होता. आज तो ८० टक्क्यांहून अधिक आहे. मक्तेदारीस आळा घालणारा कायदा १९२१ पासून पुस्तकात आहेच.

हा दूरदेशीचा प्रश्न मानणाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्रातील ब्रॉयलर कोंबडीकडे पाहावे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, बँकेचे कर्ज, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे श्रम शेतकऱ्याचे. त्याला मिळते ती ‘ग्रोइंग चार्ज’ या गोंडस नावाची किलोमागे मजुरी. ती किती, हे पक्ष्याने खाल्लेले खाद्य, भरलेले वजन आणि मरतूक यांवरून ठरते; पण खाद्याचा कस आणि पिल्लाची जात कंपनीच ठरवते. दुकानात चिकन महागले म्हणून शेडवाल्याची मजुरी आपोआप वाढत नाही. तेथे भावाचा धागा मुळातच तोडलेला आहे. भावाची जोखीम कंपनी उचलते, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. परंतु बाजार पडला की कंपनी पिल्ले टाकण्याचेच लांबवते. शेड रिकामी राहते, कर्जाचा हप्ता थांबत नाही.

जो स्वतःच्या हिमतीवर पक्षी वाढवतो त्याची गत निराळी, पण बरी नव्हे. सहा आठवड्यांनंतर पक्षी खातो अधिक आणि वाढतो कमी. तो कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही, हे व्यापाऱ्यास पुरते ठाऊक असते.

दलाल हटवा, कंपनीशी थेट करार करा, शेतकरी मुक्त होईल, असे २०२० च्या करारशेतीच्या कायद्याचे भाट गात होते. २०२१ साली तो कायदा मागे घ्यावा लागला. शेडमधील करार मात्र तसेच चालू आहेत.

भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, गुरांना दिलेला भाव मोठ्या कंपन्यांनी सरकारला कळवलाच पाहिजे, असा १९९९ चा कायदा आहे. त्याने मक्तेदारी मोडली नाही हे खरे; पण लूट निदान मोजता येते. आपल्याकडे प्रत्येक कुक्कुट-करार मराठीत असावा, त्याची सरकारदरबारी नोंद व्हावी, दिलेली मजुरी दर महिन्यास तालुकावार जाहीर व्हावी आणि रिकाम्या शेडचे भाडे कंपनीकडून मिळावे. हमीभावाच्या निवेदनांत आपल्या साथींनी या चार मागण्या यापुढे घालाव्यात.