चाकू विकणे आहे!

'फोटो काढ, नेटवर टाक, संपलं!' असं म्हणणाऱ्याने कधी कलेक्शन विकलेलं नसतं. माझे अमेरिकेतले काका छोट्या घरात शिफ्ट होताहेत आणि तीस वर्षं हौसेने जमवलेले 'केस' कंपनीचे घडीचे चाकू विकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मग काय, होमवर्क सुरू! ईबेवर गिऱ्हाईक भरपूर, पण कमिशन कापतात. बटण दाबून उघडणारा चाकू तर तिथे चालतच नाही. डीलर लगेच पैसे देतो, पण स्वतःचा नफा ठेवून. कलेक्टर्सच्या ग्रुपवर दर्दी भेटतात, पण ते शंभर प्रश्न विचारतात.

विचारू देत. कारण गंमत बघा. १९७० च्या 'केस'वर पात्याच्या बुडाशी दहा ठिपके असतात. पुढे दरवर्षी एक कमी. १९८० ला पुन्हा दहा, फक्त नावातला 'एस' विजेसारखा! हा फरक न कळणाऱ्याला दोन्ही चाकू सारखेच.

तेव्हा आपला फंडा सिंपल आहे : नेहमीचा माल ईबेवर, जुना माल दर्दींकडे. आणि भाव ठरवताना लोक मागतात ती किंमत नाही, माल खरोखर गेला ती किंमत बघायची. आधी ठिपके मोजा, मग साइट निवडा. कुणाची हौस किलोच्या भावात नको जायला, बॉस!